मलप्रभेसाठी चित्रकाराने काय करावे?

खानापूर तालुक्यातील काही चित्रकला शिक्षकांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी असा प्रश्न विचारला आहे: मलप्रभा नदीविषयी लोकांत आस्था वाढावी म्हणून घाटाच्या भिंती रंगवाव्यात, नदीवरील चित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि गणेशोत्सवापूर्वी मातीच्या मूर्तींची कार्यशाळा घ्यावी असा विचार आहे, अशा कामाने नदीचे रक्षण खरोखर होते का, आणि होत असेल तर ते कोणत्या पद्धतीने करावे? नद्यांच्या काठी बसून चित्रे काढण्यात आणि इतरांना ती काढायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देत आहे.

रक्षण होते, परंतु चित्र सुंदर आहे एवढ्याने ते होत नाही. ज्या चित्रात नदीची नोंद आहे, म्हणजे जागा कोणती, दिवस कोणता, पाणी कुठवर होते, काठावर काय उगवले होते, कोणता नाला कुठे येऊन मिळत होता हे ज्यात पाहणाऱ्याला वाचता येते, ते चित्र पुढे ग्रामसभेत, सरकारी कार्यालयात आणि वेळ आलीच तर न्यायाधिकरणापुढेही उपयोगी पडू शकते. निव्वळ भावनेने काढलेले चित्र प्रदर्शन संपले की कपाटात जाते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, भिंती रंगवण्याचा बेत एक वर्ष पुढे ढकलावा आणि ते सबंध वर्ष नदी पाहण्यात आणि रेखाटण्यात घालवावे. ही सूचना तरुणांना निरुत्साही वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही ती मी आग्रहाने करतो, कारण आपण ज्या नदीचे चित्र भिंतीवर काढणार आहात ती बहुधा आपल्यापैकी कोणीही सलग सर्व ऋतूंत एकाच जागेवरून पाहिलेली नसेल.

हे काम आपल्या भागाला परके नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिर या कलाशाळेने बेळगावात वास्तववादी चित्रणाची एक भक्कम परंपरा उभी केली आणि रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार तिच्यातूनच पुढे आले. समोर जे आहे ते आधी नीट पाहावे, त्याची ठेवण समजून घ्यावी आणि मगच कागदाला हात लावावा, ही वास्तववादी कामाची शिस्त नदीच्या कामाला तंतोतंत लागू पडते.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो. मलप्रभा खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते, सुमारे ३०४ किलोमीटर वाहते आणि बागलकोट जिल्ह्यातील कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. एवढी सगळी नदी आपल्या आवाक्यात येणार नाही, ती यावी असा हट्टही धरू नये. तालुक्यातील तीन किंवा चार जागा निवडाव्यात: उगमाजवळची कणकुंबीची एक, जांबोटी परिसरातील हब्बनहट्टीच्या मारुती मंदिराजवळची एक, असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिराजवळची एक आणि खानापूर शहराजवळच्या घाटाची एक. या जागा सुचवण्याचे कारण असे की प्रत्येक ठिकाणी दगडी पायरी, मंदिराचा चौथरा किंवा पुलाचा खांब असे काहीतरी न हलणारे आहे. चित्रातील पाण्याची पातळी कशावरून तरी मोजता आली पाहिजे, आणि त्यासाठी एक स्थिर खूण चौकटीत असणे अत्यावश्यक आहे. हब्बनहट्टीचे मंदिर तर नदीच्या पात्रातच आहे आणि भर पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते. तेथील कळस, भिंत आणि पायऱ्या यांवरून पाण्याची चढउतार कोणालाही समजते.

जागा ठरली की बसण्याचे ठिकाणही ठरवून टाकावे, तेथे एखादी साधी खूण करावी आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणाहून, त्याच उंचीवरून, त्याच मापाच्या कागदावर काम करावे. कागद बदलू नये, चौकट बदलू नये, क्षितिजरेषा कागदावर जिथे पहिल्यांदा आली तिथेच पुढेही ठेवावी. ज्येष्ठात पहिल्या पावसानंतर, श्रावणात नदी भरलेली असताना, कार्तिकात पाणी निवळल्यावर आणि चैत्र-वैशाखात पात्र उघडे पडल्यावर असे किमान चार वेळा बसावे. जमल्यास दर महिन्याला. चित्राच्या मागे तारीख, वेळ, आदल्या दोन दिवसांत पाऊस पडला होता की नाही आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते हे लिहावे. याच्या जोडीला त्याच जागेवरून छायाचित्रही घ्यावे, कारण पुरावा म्हणून छायाचित्राला वजन असते.

मग हाताने चित्र काढायचेच कशाला, असे विद्यार्थी विचारतात. छायाचित्र क्षणात निघते, त्यामुळे काढणाऱ्याचे पाहणे बहुतेक वेळा तिथेच संपते. काठावरचे झुडूप रेखाटायला बसलेल्या मुलाला मात्र त्याची पाने अरुंद आहेत की रुंद, मुळे खडकात कशी गेली आहेत आणि पुरात ते वाकून पुन्हा कसे उभे राहिले आहे, हे सगळे पाहावेच लागते. आपल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात शेरणी नावाचे झुडूप आढळते. त्याची मुळे खडकांच्या फटींत घट्ट रुततात, पुराच्या लोंढ्याखाली ते आडवे होते पण उपटत नाही, आणि त्याच्या आडोशाने वाळू व गाळ थांबतो. जेसीबी लावून पात्र ‘साफ’ करताना पहिल्यांदा हेच झुडूप जाते आणि त्यानंतर काठ ढासळू लागतो. शेरणी एकदा हाताने काढलेल्या मुलाला ती काढून टाकल्याचे पुढच्या वर्षी लगेच ध्यानात येते. त्याला ते कोणी सांगावे लागत नाही. शेरणीबरोबर वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन अशी काठावरची झाडेही आपल्या वहीत जागेसह यावीत.

पाण्याचा रंग हा चित्रकाराचा खास विषय आहे आणि त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही. आमच्याकडचे विद्यार्थी नदी निळी रंगवतात. वास्तविक जांभ्या दगडाच्या भागातून येणारे पहिल्या पावसाचे पाणी तांबडे असते, भाताच्या खाचरांतून उतरणारे पाणी मळकट पिवळसर असते, कार्तिकात डोहाचा तळ दिसतो, आणि उन्हाळ्यात जिथे सांडपाणी मिसळते तिथे पाणी हिरवे, दाट आणि कडेला फेसाळ दिसते. प्रत्येक बैठकीत पाण्याच्या रंगाची एक छोटी पट्टी जलरंगात करून चित्राच्या कडेला चिकटवावी. वर्षाअखेरीस अशा पट्ट्या एका ओळीत मांडल्या की नदीची वर्षभराची स्थिती अक्षरज्ञान नसलेल्या माणसालाही दिसते. याच्याच जोडीला पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी वीस सेंटिमीटर व्यासाची, पांढऱ्या-काळ्या पाव भागांत रंगवलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली मोजतात. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ही तबकडी ओळखली जाते. चित्रकाराला ती स्वतः रंगवून तयार करता येते आणि खोल डोहाच्या ठिकाणी ती चांगली चालते. मात्र पुराच्या दिवसांत कोणीही विद्यार्थ्याला पाण्याजवळ पाठवू नये.

या सगळ्या नोंदींना आकड्यांचा आधार द्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदवले, त्यातील १७ कर्नाटकातील होते आणि त्यांत मलप्रभेचाही समावेश होता. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवण्यासाठी लागणारा प्राणवायू, म्हणजे बीओडी, लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तो पट्टा प्रदूषित धरला जातो. आपल्या प्रदर्शनात हिरव्या पडलेल्या पाण्याचे चित्र, त्याची तारीख आणि या मोजमापाचा अर्थ शेजारी शेजारी लावले, तर पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम समजतात. नुसता आकडा लोक वाचत नाहीत आणि नुसत्या हिरव्या रंगाला ते चित्रकाराची कल्पना समजतात, असा माझा अनुभव आहे.

गोकाकच्या धबधब्याचे उदाहरण या ठिकाणी देण्यासारखे आहे. घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि आपल्या भागातील बहुतेक चित्रकारांनी ते श्रावणात काढलेले असते. धबधबा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कड्याचा उघडा दगड दिसतो, कारण पाणी वरच्या अंगाला धरणात आणि कालव्यांत अडवलेले असते. ते चित्र मात्र क्वचितच कोणी काढते. श्रावणातले आणि मे महिन्यातले अशी दोन चित्रे शेजारी लावली म्हणजे नदीतून किती पाणी आपण काढून घेतो हे कोणतीही घोषणा न लिहिता सांगता येते. धरण नको असे सांगण्याचा यात हेतू नाही. घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी हजारो शेतकऱ्यांना मिळते आणि बेळगावकर स्वतः मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी पितात. परंतु नदीचे वर्ष बारा महिन्यांचे असते आणि चित्रात ते बारा महिने यावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

बेळगावकरांचा उल्लेख आलाच आहे म्हणून बेळगाव शहरातील वाचकांसाठी एक सूचना. बळ्ळारी नाल्याच्या काठाने वडगाव, शहापूर, येळ्ळूर या बाजूच्या भातशेतीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि त्यात शहराचे सांडपाणीही असते. बेळगावचा बासमती जिथे पिकत आला त्या जमिनीची ही स्थिती आहे. नदीइतका तो नाला देखणा नाही, त्यामुळे त्याचे चित्र कोणी काढत नाही. मला मात्र शहरातील कलाविद्यार्थ्यांनी पहिल्यांदा तिथे बसावे असे वाटते, कारण तेथील शेतकऱ्यांकडे कोणत्या वर्षी पाणी कोणत्या बांधापर्यंत आले याची तोंडी माहिती आहे आणि ती कागदावर उतरवणारा कोणी नाही.

नदी आणि शिल्प यांचे नाते आपल्या भागात फार जुने आहे. मलप्रभेच्याच काठी पट्टदकल आहे आणि पुढे ऐहोळे आहे. बदामीच्या चालुक्यांनी सातव्या-आठव्या शतकात या परिसरात उभारलेल्या मंदिरांपैकी पट्टदकलच्या समूहाचा १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या काळच्या मंदिरांच्या दारांवर मकरावर उभी असलेली गंगा आणि कासवावर उभी असलेली यमुना कोरण्याची प्रथा होती. गाभाऱ्याकडे जाणारा माणूस दोन नद्यांच्या मधून आत जावा, ही ती योजना. शिल्पकारांनी देवीच्या पायाखाली जिवंत जलचर ठेवले, म्हणजे नदीची कल्पना तिच्यातील प्राण्यांशिवाय त्यांनी केलीच नाही, आणि आजच्या भित्तिचित्रासाठी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या चित्रातील नदीत खडस मासा, खेकडा, खंड्या, पाणकावळा, कासव दिसले पाहिजे, आणि तेही आपल्या नदीत प्रत्यक्ष पाहिलेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा या तिन्ही नद्यांना मोठे पूर आले. गोकाक आणि रामदुर्ग परिसरात लोकांना घरे सोडावी लागली आणि पट्टदकलच्या मंदिरांतही पाणी शिरले. त्या पुराची पातळी ज्यांनी पाहिली ती माणसे आज गावोगाव आहेत. भिंत रंगवायचीच असेल तर मी पहिली भिंत याच कामासाठी देईन: गावातील वडीलधाऱ्यांना बोलावून २०१९ चे पाणी कुठवर आले होते ते विचारावे, दोघातिघांचे सांगणे जुळले की त्या उंचीवर एक ठळक रेषा ओढावी, तिच्यावर वर्ष लिहावे आणि रेषेखालचा भाग नदीच्या चित्राने भरावा. अशी रेषा असलेल्या गावात पूररेषेच्या आत नवे घर बांधताना किंवा नदीकाठी भराव टाकताना माणूस एकदा तरी थांबून विचार करतो. शहरातल्या मोठ्या भित्तिचित्रांपेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

भिंतीच्या रंगांविषयी थोडे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. नदीकाठच्या भिंतीवर ॲक्रिलिक रंग वापरू नयेत. ॲक्रिलिक हे प्लास्टिक आहे. ऊन-पावसाने त्याचे पोपडे निघतात आणि ते सरळ पाण्यात जातात. आपल्याकडे चुना, गेरू, काव, पिवडी आणि काजळी हे भिंतीचे जुने रंग आहेत आणि ते उत्तम टिकतात. चुना चांगला मुरवलेला असावा, भिंत आधी पाण्याने भिजवावी, आणि पातळ हात दोन-तीन वेळा द्यावेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना कठीण होतो आणि मातीचे रंग त्यात पक्के बसतात. चुन्यात हळद किंवा इतर वनस्पतींचे रंग घालू नयेत, चुन्याच्या क्षाराने हळद लाल होते आणि बहुतेक वनस्पतिजन्य रंग फिके पडतात. ओल धरणाऱ्या पायऱ्यांजवळ हे रंग तीन-चार वर्षांत पुन्हा द्यावे लागतील, आणि त्या निमित्ताने मुले पुन्हा नदीवर येतील, ही गोष्ट मला सोयीचीच वाटते. पात्रातील खडक, रांजणखळगे आणि झाडांची खोडे मात्र कोणत्याही रंगाने रंगवू नयेत. कुंचले नदीत धुवू नयेत. रंगाचे पाणी बादलीत साठवून त्यात तुरटी फिरवावी, गाळ खाली बसला की वरचे पाणी वेगळे करावे आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्यावा. जलरंगांतही कॅडमियमचे पिवळे-लाल रंग टाळावेत. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटर परिसरात बांधकामास बंदी आहे आणि त्याच्या पुढचा दोनशे मीटरचा भाग नियंत्रित आहे. त्यामुळे जुन्या मंदिराच्या आसपास काही करण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाला विचारावे, आणि इतरत्र ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी.

आता मूर्तींकडे येतो. हा विषय मला सर्वांत जवळचा आहे, कारण खानापूर हे मातीचे गाव आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्राम कुंभारी संस्था खानापुरात आहे, कौले आणि विटा यांसाठी हा तालुका ओळखला जातो, आणि तरीही गणपतीसाठी आपण बाहेरगावच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणतो. प्लास्टर पाण्यात फार सावकाश विरघळते, विसर्जनानंतर महिनोन्‌महिने तुकडे पात्रात पडून राहतात, आणि त्यावरील रंगांतून शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यात येऊ शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. पर्याय म्हणून सगळे शाडूचे नाव घेतात. शाडू प्लास्टरपेक्षा निश्चित चांगला आहे, परंतु तो आपल्या भागातला नाही, लांबून ट्रकने येतो, आणि एखाद्या लहान, संथ डोहात शेकडो मूर्तींचा शाडू एकाच दिवशी टाकला तर तोही तळाला थर करून बसतोच.

म्हणून कार्यशाळा घ्यायची तर स्थानिक मातीची घ्यावी आणि ती गावातील कुंभाराकडून शिकावी. माती नदीच्या काठावरून खणू नये. काठ खणला की पुढच्या पुरात तो ढासळतो. तलावातून काढलेला गाळ किंवा कुंभार ज्या शेतातून माती आणतात ती माती घ्यावी. ती पाण्यात भिजवून चाळावी, खडे काढावेत आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरू द्यावी. फार चिकट माती वाळताना तडकते, त्यासाठी तिच्यात बारीक वाळू किंवा कुजवलेल्या कागदाचा लगदा मिसळावा. किती मिसळावा हे अंदाजाने ठरवू नये: मातीची एक पट्टी करून तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ मारावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ती नऊ सेंटिमीटरच्या खाली आली तर माती अजून चिकट आहे असे समजावे. मूर्ती पोकळ करावी, जाडी सगळीकडे सारखी ठेवावी, आणि रंगासाठी गेरू, पिवडी, खडू एवढेच वापरावे. मूर्ती भाजू नये, कारण भाजलेली माती पुन्हा विरघळत नाही. विसर्जन घरच्या बादलीत किंवा गावाने ठेवलेल्या हौदात करावे आणि खाली बसलेली माती कुंभाराला परत द्यावी; तीच माती पुढल्या वर्षी पुन्हा चालते. ज्येष्ठ अमावास्येला कन्नड घरांत मातीचे बैल पुजतात, आपल्याकडे बेंदराला पुजतात, आणि ते दोन्ही एकाच कुंभाराच्या आव्याशेजारी तयार होतात. कार्यशाळेची सुरुवात गणपतीच्या मोठ्या मूर्तीऐवजी या बैलांपासून केली तर मुलांचा हात बसतो आणि कुंभाराला दोन हंगामांचे काम मिळते.

खानापूर तालुक्यात नदीवर काम करणाऱ्याला म्हादईचा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून त्याविषयी. म्हादई याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावते आणि गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातील कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याची योजना आहे. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, त्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर झाले आणि त्यातील ३.९ टीएमसी मलप्रभा खोऱ्यात वळवण्यासाठी आहे. केंद्राने तो निवाडा फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचित केला आणि राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. हुबळी-धारवाड, नवलगुंद, नरगुंद येथील लोकांना पिण्याचे पाणी हवे आहे आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची क्षमता ३७.७३ टीएमसी असूनही अनेक वर्षांत ते पूर्ण भरलेले नाही, हे खरे आहे. कणकुंबी आणि भीमगडच्या परिसरातील जंगल तुटले तर मलप्रभेचा स्वतःचा उगमच आटेल, ही खानापूरच्या लोकांची आणि गोव्यातील कार्यकर्त्यांची भीतीही खरी आहे. २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य १९०.४२ चौरस किलोमीटरचे आहे आणि मलप्रभा व म्हादई या दोन्ही नद्या याच डोंगरपट्ट्यातून निघतात. माझे मत असे आहे की जंगल राखण्याला पाण्याच्या कोणत्याही योजनेत पहिले स्थान मिळाले पाहिजे. परंतु चित्रात एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला राक्षस रंगवू नये. नवलगुंदचा तहानलेला शेतकरी जर आपले चित्र पाहून दुखावला, तर जंगलासाठी उभा राहू शकणारा एक माणूस आपण गमावला. उगमापासून नवलगुंदपर्यंतचा पाण्याचा प्रवास एका लांब कागदी पट्टीवर काढावा, त्यात ओढे, जंगल, गावे, धरण, कालवा आणि नळ सगळे यावे, आणि निष्कर्ष पाहणाऱ्यावर सोडावा.

याच कारणाने प्रदर्शनातील आणि भिंतीवरील मजकूर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावा. मलप्रभेकाठच्या एम. के. हुबळी या गावापासून पुढे नदी कन्नड भाषकांच्या गावांतून जाते. त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे. प्रदर्शन शहरातल्या दालनात भरवण्यापूर्वी ते काठावर भरवावे, जिथे बायका धुणे धुतात, गुराखी जनावरे पाजतात आणि भाविक स्नानाला येतात. दोरीवर चिमट्यांनी चित्रे लावली तरी पुरे. चित्रांपेक्षा त्यावर लोक काय बोलतात ते अधिक महत्त्वाचे असते: ‘ही शेरणी इथं होती, आता नाही’, ‘हा डोह एवढा उथळ नव्हता’ असे कोणी म्हटले की ते त्याच्या संमतीने चित्राखाली लिहून घ्यावे. जुन्या ओव्यांत, भजनांत नदीचे उल्लेख ज्या बायकांच्या तोंडी आहेत त्यांनाही गाण्यासाठी बोलवावे; त्यांच्या गाण्यांतून पाणवठ्यांची आणि डोहांची जुनी नावे मिळतात आणि ती आपल्या नकाशात भरता येतात.

वाळू उपशाबाबत एक सावधगिरी. काठ कापला जात असेल तर ते चित्रांत आपोआप दिसेल, कारण चौकट तीच असल्याने ठरावीक झाडापासून काठाचे अंतर प्रत्येक चित्रात ताडून पाहता येईल. ते काम शांतपणे चालू ठेवावे. उपसा चालू असताना विद्यार्थ्यांना तेथे नेऊ नये, वाहनांची छायाचित्रे मुलांकडून काढून घेऊ नयेत आणि तक्रार करायची झाल्यास ती मोठ्या माणसांनी, संस्थेच्या किंवा ग्रामसभेच्या नावाने करावी.

शेवटचा प्रश्न नोंदी कुठे द्यायच्या हा आहे, आणि इथेच बहुतेक चांगले काम वाया जाते. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक ठिकाणी ही वही घाईने भरलेली असते. आपल्या वर्षभराच्या चित्रांतून काठावरची झाडे, मासे, पक्षी, पाणवठे आणि त्यांची स्थानिक नावे जागेसह समितीला द्यावीत आणि ती नोंदवहीत घेतल्याची पोच मागून घ्यावी. सांडपाण्याचे नाले जिथे मिळतात त्यांची चित्रे, छायाचित्रे आणि तारखा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव येथील प्रादेशिक कार्यालयाला लेखी निवेदनासोबत द्याव्यात. १९७४ च्या जल कायद्यानुसार त्यांची दखल घेणे हे त्या मंडळाचे काम आहे. मूळ चित्रे कधीही कोणत्याही कार्यालयात देऊ नयेत. त्यांच्या चांगल्या प्रती काढाव्यात आणि मूळ संच शाळेत किंवा गावच्या वाचनालयात कोरड्या पेटीत, प्रत्येक चित्रामध्ये साधा कागद घालून ठेवावा, म्हणजे पुढल्या वर्षीच्या तुकडीला त्याच जागी, त्याच मापाच्या कागदावर काम सुरू करता येईल. येत्या ज्येष्ठात पहिली बैठक घ्यायची असेल तर जागा आणि चौकटी वैशाखातच, पाणी कमी असताना, ठरवून ठेवाव्यात.